थर्मामीटर आणि कंडेन्स्ड मिल्क न वापरता लोणावळ्यासारखा चॉकलेट-अक्रोड फज घरी जमतो का? आणि किती दिवस टिकतो?

जमतो. थर्मामीटरवाचून काहीही अडत नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

2016चा गणपती. दादा न्यू जर्सीहून पंधरा दिवसांसाठी पुण्याला आला होता. आईला फज अतिशय प्रिय. बाबा रेल्वेत होते, लोणावळ्याच्या क्वार्टर्समध्ये आमची सहा वर्षं गेली, आणि पगार झाला की तिथल्या कूपरच्या दुकानातला पाव किलो चॉकलेट-अक्रोड फज घरी यायचा. आई सुरी गरम पाण्यात बुडवून त्याचे बोटभर तुकडे करायची आणि डबा वरच्या फळीवर ठेवायची. माणशी रोज एक. त्या वर्षी तिचे गुडघे पार गेले होते, लोणावळ्याला जाणं शक्य नव्हतं. दादा म्हणाला, घरीच करू. त्याने तिकडून कँडी थर्मामीटर, कोको आणि एक छापील कृती आणली होती. कृतीत लिहिलं होतं, पाक 238 अंश फॅरनहाइटला उतरवा.

मी गॅसपाशी उभी, तो काट्याकडे डोळे लावून. बुडबुडे आधी फसफसत वर येतात, मग आकसतात आणि जड होऊन सावकाश फुटायला लागतात. लाडवाचा पाक ज्याने पन्नास वेळा केलाय त्याला हे कानाने कळतं. काटा 234वर होता तेव्हा मी म्हटलं, "दादा, झालाय, उतरव." तो म्हणाला, "अजून चार अंश आहेत. अंदाजपंचे काम नकोय मला."

त्या चार अंशांनी घात केला. कोमट झाल्यावर घोटायला घेतला तर मिनिटभरात सगळा गोळा कढईतच आवळून बसला. उलथन्याने खरवडला तर भुगा. दादाने निदान करून टाकलं, "तू मध्ये ढवळलंस, म्हणून साखर बसली." मी चमचा लावलासुद्धा नव्हता. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि ते माझ्या नावावर लागलं ते लागलंच.

आई आतून म्हणाली, "वाटीभर दूध घाला आणि परत चढवा, एवढं काय त्यात." मग ती स्वतःच काठी टेकत आली, ओट्याशी स्टुलावर बसली आणि वाटीत गार पाणी मागितलं. साखर पूर्ण विरघळली, पाक पुन्हा उकळून दाट झाला, तशी ती चमच्याच्या टोकाने पाण्यात थेंब सोडायला लागली. पहिला थेंब पाण्यात पसरला. तिसरा तळाशी बसला, पण बोटात येईना. पाचवा तिने पाण्यातच दोन बोटांनी गोळा केला, मऊ गोळी झाली, बाहेर काढून तळहातावर ठेवली तर हळूहळू चपटी झाली. "बस." काट्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. 234 आणि 235च्या मध्ये.

तो फज असा झाला की दादा पाच तुकडे खाऊन म्हणाला, "बघ, थर्मामीटर होता म्हणून वाचलं."

दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. 212 दाखवायला हवं, दाखवलं 208च्या जरा वर. दादा म्हणाला, बिघडलाय. बिघडलेला नव्हता. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे दर 300 मीटरला पाणी जवळजवळ एक अंश सेल्सिअस आधी उकळतं आणि पाकही तेवढाच आधी तयार होतो. छापील आकडे समुद्रसपाटीचे असतात. पुण्यात किंवा लोणावळ्यात त्यातून दोन अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटचे साडेतीन-चार, वजा करायचे. पाण्यातल्या गोळीला ही वजाबाकी लागत नाही, कारण पाकात पाणी किती उरलंय हे ती थेट सांगते. "फज अमेरिकन आहे, तुमच्या गोळीबंद पाकाशी त्याचा काय संबंध" असंही दादा म्हणाला होता. तिकडच्या पुस्तकांत या पाकाचं नावच 'सॉफ्ट बॉल' आहे. मऊ गोळी! 1880च्या दशकात अमेरिकेतल्या वासर कॉलेजातल्या मुली हा फज करायच्या, त्यांच्या खोल्यांत कुठला आलाय थर्मामीटर.

आता तुमचं. अर्धा किलो साखर, 50 ग्रॅम कोको (गोड ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे), 300 मिली म्हशीचं दूध, 50 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, दीडशे ग्रॅम अक्रोड. पातेलं जाड बुडाचं आणि खोल घ्या, दूध उतू जायला टपलेलं असतं. कोको आणि साखर आधी कोरडेच एकत्र करा, मग दूध घाला. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, उकळी फुटली की चमचा बाजूला. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवा, त्यातला एक कण पुढे सगळा पाक रवाळ करू शकतो. गोळी जमली की गॅस बंद करा, वर लोणी ठेवा आणि हात लावू नका. पातेल्याच्या बुडाला तळहात सहज टेकवता येईपर्यंत थांबा, तासभर तरी जातो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. गरम पाक ढवळला की थोडेच पण मोठे खडे तयार होतात आणि ते दाताखाली येतात. कोमट पाक घोटला की असंख्य बारीक कण एकदम होतात, जिभेला जाणवत नाहीत. फज म्हणतात तो यालाच. घोटताना वरची चकाकी बघत राहा. ओली पाटी सुकायला लागली की दिसते तशी ती मंद झाली, की लगेच अक्रोड घालून तूप लावलेल्या ताटात ओता.

अक्रोड आधी चाखून घ्या. खवट अक्रोड साऱ्या घाण्याची चव घालवतो, आणि सुटे मिळणारे पुष्कळदा खवट निघतात. कवचासकट आणून फोडा, मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा, फडक्यात चोळून सालं काढा, कडवटपणा त्यातच असतो. काजू-बदाम चालतील. शेंगदाणे चिक्कीसाठी ठेवा.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून फ्रिजमध्ये थापतात तो फज नव्हेच. त्यात साखरेचे कण बांधले जात नाहीत, बाहेर काढला की लिबलिबीत होतो. ज्यांना वेळ नाही किंवा घरात लहान मुलं लुडबुडतात त्यांनी तोच करावा, हे मात्र मनापासून सांगते. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो, वाईट भाजतं. पहिल्यांदाच करत असाल तर साखरेबरोबर चमचाभर लिक्विड ग्लुकोज घाला, रवाळ व्हायचा धोका कमी होतो. मी घालत नाही. धो-धो पावसाच्या दिवशी करू नका, साखर हवेतलं पाणी ओढते. टिकण्याचं म्हणाल तर मी घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस बाहेरच ठेवते.

आई आता नाही, त्यामुळे त्या दिवशी कोणी ढवळलं आणि कोणी नाही याला साक्षीदार उरलेला नाही. पण तो थर्मामीटर दादा परत घेऊन गेलाय, त्याच्या ओट्याच्या खणात आहे. दादा, वाचत असशील तर न्यू जर्सीत तो एकदा उकळत्या पाण्यात धर. 212 दाखवेल. मग मला फोन कर.