जे पसरते ते का पसरते?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाकडे वळणारी काही पत्रे निघाली. एका वाचकाने तणाविषयी विचारले आहे, दुसऱ्याने शेतीच्या अवजाराविषयी, तिसऱ्या वाचक भगिनींनी उपवासाच्या फराळाविषयी. परंतु मुळातला प्रश्न सर्वांचा एकच आहे, की एखादी वनस्पती, एखादे यंत्र किंवा एखादी रीत चार ठिकाणांहून निघून सर्वदूर कशी होते. म्हणून ही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शिवारात बांध, रस्त्याच्या कडा, पडीक जमीन, सगळीकडे गाजर गवत माजले आहे. माझे आजोबा सांगत, की त्यांच्या लहानपणी हे तण नव्हते आणि ते अमेरिकेच्या गव्हातून आले. हे खरे आहे काय? बाहेरून इतकी रोपे येतात, त्यांत हेच एवढे का पसरावे? (एक शेतकरी, दौंड)

उत्तर : तण पूर्वी नव्हते ही आपल्या आजोबांची आठवण अगदी बरोबर आहे. गाजर गवत, ज्याला काही भागांत चटकचांदणी असेही म्हणतात, ते मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या उष्ण प्रदेशातले असून भारतात त्याची ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली. गव्हाची गोष्ट मात्र थोडी तपासून घ्यावी लागते. अमेरिकेकडून धान्य मिळण्याच्या ज्या ‘पी. एल. ४८०’ योजनेला बोल लावला जातो, तिच्याखालचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. म्हणजे तण पुण्यात दिसले ते त्याआधी. तरीही १९५१ मध्ये अमेरिकेकडून कर्जाऊ धान्य आले होतेच, त्यामुळे बी धान्यातून आले असणे अशक्य नाही; त्या एका करारावर ठपका ठेवणे मात्र तारखांशी जुळत नाही. याच तणाचे ‘काँग्रेस गवत’ हे नाव काही जण त्या काळच्या काँग्रेस सरकारमुळे पडले असे सांगतात, तर काही जण त्याच्या काँग्रेसवाल्यांच्या टोपीसारख्या पांढऱ्या फुलांमुळे.

आता ते का पसरले याकडे वळू. त्याच्या मायदेशी त्याची पाने कुरतडणारे किडे आणि त्याला जडणारे रोग आहेत. इकडे येताना त्यांपैकी कोणीही सोबत आले नाही. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराऊ रानात चांगले गवत खाल्ले जाते आणि हे तेवढे शिल्लक राहते. एका जोमदार झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात, आणि त्या इतक्या बारीक व हलक्या असतात, की गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून, शेणखतातून, कडब्याच्या भाऱ्यातून आणि पाटाच्या पाण्यातून त्या सहज गावोगाव जातात. ओलावा मिळाला की ते कोणत्याही हंगामात उगवते आणि महिन्या-दीड महिन्यात फुलावर येते. शिवाय त्याच्या मुळांतून व पानांतून उतरणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात.

एवढे सगळे असूनही माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण वेगळे आहे. हे तण गच्च गवताळ रानात किंवा दाट जंगलात फारसे शिरत नाही; ते शिरते जेथे माती उकरलेली, उघडी पडलेली असते तेथे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपण रस्ते केले, कालवे खणले, वसाहती उठवल्या आणि उघड्या मातीचे पट्टेच्या पट्टे तयार केले. त्या जागेला कोणी धनी नव्हता. गाजर गवत तेथे जाऊन बसले.

बाहेरून येणारी बहुतेक रोपे टिकत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ मार्क विल्यमसन यांनी एक ढोबळ आडाखा मांडला होता, की नव्या मुलखात सुटलेल्या दहा जातींपैकी साधारण एक तेथे रुजते आणि रुजलेल्या दहांपैकी साधारण एक उपद्रवी ठरते. अपवाद पुष्कळ आहेत, पण दिशा बरोबर आहे. जे आले आणि मेले, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. म्हणून आलेले प्रत्येक रोप पसरतेच असा आपला समज होतो. यात भर पडते ती वारंवार येण्याची. एकदाच चिमूटभर बी पडले तर एक कोरडे वर्ष ते संपवू शकते, परंतु दरसाल नवे बी येत राहिले तर एखादे वर्ष त्याला मानवतेच.

बंदोबस्ताविषयी थोडक्यात सांगतो : फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालूनच ते मुळासकट उपटावे, कारण अनेकांना त्याने त्वचेचा त्रास होतो. बांधावर टाकळा दाट वाढू दिला तर तो याला पुष्कळ अटकाव करतो. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो पावसाळ्यात या तणाची पाने फस्त करतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो. तणाच्या मागोमाग आता तोही अनेक राज्यांत पोचला आहे.

प्रश्न : माणसाने नेल्याशिवाय एखादा जीव असा दूर पसरतो काय? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : पसरतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या गुरांच्या पाठीवर बसलेले असते. गायबगळा आपल्याकडे जुनाच आहे. परंतु अमेरिका खंडांत तो नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतले काही गायबगळे अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पोचले, आणि १९५३ मध्ये ते फ्लोरिडात घरटी करताना आढळले. त्यांना कोणी पिंजऱ्यातून नेले नाही. मात्र त्याआधीच्या काळात तेथे जंगले तुटून गुरांची कुरणे झाली होती, आणि चरणाऱ्या जनावराच्या पायाने उडणारे किडे टिपणे हाच या पक्ष्याचा धंदा. वादळाने भरकटलेले बगळे त्यापूर्वीच्या शतकांतही पलीकडे पोचले असतील, पण पोट भरण्याची सोय नसेल तर पोचण्याला अर्थ नाही.

प्रश्न : मी कृषी विस्ताराच्या कामात तीस वर्षे घालवली. चांगले तंत्र समोर ठेवूनही शेतकरी ते लवकर उचलत नाही, हा माझा अनुभव आहे. याला अडाणीपणा म्हणावे काय? (एक निवृत्त कृषी कर्मचारी, सांगली)

उत्तर : आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. किर्लोस्करवाडी वसली ती पुढे १९१० मध्ये. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या वेळी शेतकऱ्यांत होता आणि तो दूर होण्यात दोनेक वर्षे गेली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती सांगताना आपण शेतकऱ्याच्या भाबडेपणावर थांबतो, आणि येथेच माझा मतभेद आहे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे व दुरुस्तही करीत असे, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यातून जात असे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा होता, ओढायला जास्त ताकदीचे बैल हवे होते आणि फाळ मोडला तर सुटा भाग कारखान्यातून यावा लागणार होता. म्हणजे शेतकऱ्याला केवळ एक अवजार बदलायचे नव्हते, गावातले एक जुने नाते सैल करायचे होते. ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर आहे, त्याने अशा वेळी शेजाऱ्याच्या रानात काय होते ते आधी पाहावे, यात मला शहाणपण दिसते.

या वागण्याचा काळजीपूर्वक अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. संकरित मक्याचे बी तेथे १९२८ च्या सुमारास शेतकऱ्यांपुढे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना भेटून कोणी ते केव्हा घेतले हे नोंदवले आणि १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दहा टक्के शेतकरी वळले. त्यानंतरच्या तीन वर्षांत हा आकडा चाळीस टक्क्यांवर गेला. आणि १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते बी स्वीकारले होते. बियाण्याची पहिली वार्ता सर्वांत जास्त जणांना विक्रेत्याकडून कळली, परंतु मन वळवले ते मुख्यतः शेजाऱ्यांनी. बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याच जमिनीत ते पेरून पाहिले, हेही लक्षात घ्यावे. आपल्या तीस वर्षांत जी पहिली काही वर्षे निष्फळ वाटली असतील, ती बहुधा याच सपाट सुरुवातीची होती. त्या काळात दर गावी दोन-तीन जणांचे रान तयार होत असते, आणि पुढचे काम ते रान करते.

प्रश्न : उपवासाला आम्ही साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस करतो. हे सगळे पदार्थ परदेशी असल्याचे माझ्या नातीने वाचले आणि मला विचारले, की मग पूर्वी बायका उपवासाला काय खात होत्या? मला उत्तर देता आले नाही. (एक आजी, ठाणे)

उत्तर : आपल्या नातीने फार मोलाचा प्रश्न विचारला आहे. बटाटा, रताळे, भुईमूग आणि राजगिरा यांचे मूळ अमेरिका खंडांत आहे. ज्या टॅपिओका कंदापासून आजचा साबुदाणा होतो, तो कंदही तिकडचाच. मिरचीसुद्धा तिकडचीच, आणि ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. भगर किंवा वरई मात्र आपली जुनी आहे. फळे, दूध, सुरण यांसारखे कंद हेही जुनेच. नातीला आपण खुशाल सांगावे, की पूर्वीचा फराळ यांतूनच होत असे.

नव्या पदार्थांना देवघरापर्यंत वाट कशी मिळाली, याचा माझा तर्क असा : उपवासाचा नेम प्रामुख्याने रोजचे धान्य आणि डाळी वर्ज्य करणारा आहे. जे पदार्थ नेम ठरला तेव्हा येथे नव्हतेच, ते निषेधाच्या यादीत असण्याचे कारण नव्हते. आणि कंदमुळे तर ऋषींच्या आहारातली म्हणून आधीपासून चालत होती. जमिनीखालून निघणारा बटाटा त्या मोकळ्या जागेत अलगद बसला. शेंगदाणाही जमिनीखालचाच. पोट भरणारे, स्वस्त, वर्षभर टिकणारे आणि वर्ज्य नसलेले असे काहीतरी घरच्या बाईला हवे होते, आणि या पदार्थांनी ती गरज भागवली. मग लेक सासरी गेली की तिच्याबरोबर माहेरची रीतही गेली. काही घरांत उपवासाला जिरे चालते आणि काहींत चालत नाही, हा फरक अशा प्रवासाचाच उरलेला माग आहे असे मला वाटते.

साबुदाण्याची कथा आणखी अलीकडची आहे. पूर्वीचा साबुदाणा आग्नेय आशियातील सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून होई व आयात केला जाई. टॅपिओकाची लागवड १८८० च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी आपल्या राज्यात वाढवली, ती दुष्काळात लोकांचे पोट भरावे म्हणून. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला, तेव्हा तमिळनाडूतील सेलम भागात याच कंदाच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. दाणा तसाच पांढरा, शिजल्यावर तसाच पारदर्शक. त्यामुळे आतला कंद बदलला तरी खिचडी तीच राहिली.

परक्या वस्तूला घरात घेण्याचे आपल्या भाषेचे कसब मला यात सर्वांत लोभस वाटते. मिरीसारखी तिखट म्हणून मिरची. मुगासारखा दाणा जमिनीत लागतो म्हणून भुईमूग. बटाटा हे नाव पोर्तुगीजांकडून जसेच्या तसे आले, आणि त्यांनी ते कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या रताळ्यासाठीच्या शब्दावरून घेतले होते. सीताफळ व रामफळ यांचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ उष्ण अमेरिकेत मानतात. रामसीतेचे नाव लाभलेल्या फळाला मग गावचा पत्ता कोण विचारणार? मिरचीने तर मिरीची जागाच घेतली, कारण मिरीच्या वेलाला दमट घाटमाथा लागतो आणि मिरचीचे रोप देशावरच्या कोरड्या परसातही उभे राहते. वाळवून ठेवली की ती वर्षभर पुरते आणि मसाल्याच्या व्यापाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही.

प्रश्न : पैसा आणि जाहिरात यांच्या जोरावर कोणतीही सवय लावता येते, असे माझे मित्र म्हणतात. आपले मत काय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : चहाचे उदाहरण पाहावे. चहाच्या प्रचारासाठी १९०३ मध्ये कायद्याने निर्यातीवर उपकर बसवण्यात आला, आणि विशेषतः १९३० नंतर, मंदीमुळे परदेशी मागणी घसरल्यावर, देशभर फुकट प्याले वाटून व चहा करण्याची प्रात्यक्षिके दाखवून फार मोठी मोहीम चालली. तरीही चहा गरिबाच्या घरात खऱ्या अर्थाने शिरला तो स्वातंत्र्यानंतर. आसामात १९३० च्या सुमारास निघालेल्या, पान चुरडून, फाडून व गुंडाळून काढणाऱ्या सीटीसी यंत्राने पानाची बारीक दाणेदार भुकटी होऊ लागली. ती स्वस्त पडे आणि थोड्या भुकटीत पुष्कळ दूध-साखर पेलणारा कडक चहा होई. लोकांनी किटलीत पाने भिजवण्याची शिकवलेली पद्धत सोडून दिली, पातेल्यात सगळे एकत्र उकळले, वर आले किसून घातले, आणि तो चहा आपला केला. पैशाने वस्तू दारापर्यंत आणली, हे मान्य करावे लागेल. पण आज आपल्या इंदुरातल्या आणि आमच्याकडच्या टपऱ्यांवर जो चहा उकळतो आहे, तो त्या प्रात्यक्षिकांत कोणी दाखवलेला नव्हता.