पित्ताशय सुजलंय, रक्त काय सांगतं?

प्रश्न : आईला (वय ६२) तीन दिवस उजव्या बरगडीखाली दुखतंय. सोनोग्राफीत खडे दिसले, सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) १८० आला. पित्ताशय सडलं असेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी आकड्यापुढचं एकक वाचा. लिटरमागे १८० मिलिग्रॅम म्हणजेच डेसिलिटरमागे १८. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेले नातेवाईक मला नेहमी भेटतात. सीआरपी यकृतात तयार होतं आणि सूज कुठलीही असो, वाढतं, न्यूमोनियातसुद्धा. दुखणं सुरू झाल्यावर काही तासांनी ते चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं. म्हणून पहिल्या रात्रीच्या कमी आकड्यावर मी विसंबत नाही. आईंचा आकडा मात्र तिसऱ्या दिवसाचा आहे. सूज जोरात आहे, गँगरीनची शंका घ्यायलाच हवी. खात्री पोट तपासून आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करूनच होते. गंमत अशी, की २०१८ च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांत (पित्ताशयाच्या सुजेसाठी डॉक्टर वापरतात ती नियमावली) सीआरपी निदानासाठी धरतात, आजाराची पायरी ठरवताना नाही. मधली पायरी ठरते ती पांढऱ्या पेशी १८,००० च्या वर, हाताला लागणारी दुखरी गाठ, ७२ तासांहून जुनं दुखणं अशा खुणांवरून. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबला नसाल, अशी आशा आहे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. पोट दुखतंय, पण ताप नाही, पांढऱ्या पेशी ९,०००. ‘अ‍ॅसिडिटी असेल,’ म्हणतात. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : मला याच रुग्णांची जास्त धास्ती वाटते. मधुमेहात आणि उतारवयात शरीर बोंब मारत नाही. आत गँगरीन आणि रिपोर्ट नॉर्मल, असंही घडतं. सोडा पिऊन रात्र काढू देऊ नका. आजच सर्जनला दाखवा, सोनोग्राफी करा. रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात, कारण एका आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते.

प्रश्न : ‘एनएलआर’ची (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराची) वेगळी तपासणी करावी का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : पैसे वाचवा. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ७ टक्के असतील तर भागाकार १२, झाला एनएलआर. तो वाढला तर सूज मोठी असू शकते, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतो. मी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) २ च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) दीडच्या वर आहे का, ते पाहतो. पित्ताशयाच्या दुखण्यात यातलं एकही नव्याने बिघडलं, तर आजार इतर अवयवांपर्यंत पोहोचलाय असं धरून आयसीयूची तयारी करतो.