नुसता डाय आजारी उंदराला टोचून बघितलात का?

तुम्ही टाकलेला फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. अगदी असाच फोटो मी एकदा सेमिनारमध्ये अभिमानाने दाखवला होता. डीएसएस हे रसायन पाजून कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) केलेले उंदीर, डीआयडी हा चमकणारा डाय लावलेल्या ईव्ही (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या) शेपटीच्या शिरेतून, २४ तासांनी आतडं काढून इमेजिंग. सुजलेलं कोलन (मोठं आतडं) निरोगीपेक्षा कितीतरी जास्त चमकतंय, तर आता सुपर-रेझोल्यूशनला, म्हणजे साध्यापेक्षा बारीक तपशील दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाकडे, जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आत्ता जाऊ नका.

कारण तुमचा ‘नुसता डाय’ हा कंट्रोल (तुलनेचा गट) निरोगी उंदरात आहे. मीही तेच केलं होतं. काळ्या कागदावर ओळीने मांडलेली आतडी, कोलायटिसची आखूड झालेली, आणि त्यांचं गुदाशयाकडचं टोक पडद्यावर पिवळंधमक, म्हणजे सगळ्यात चमकदार. आठ महिने त्यावर पुढचं काम रचलं. मग परीक्षकाने एकच ओळ लिहिली: कोलायटिसच्या उंदराला नुसता डाय दिलात का? दिला. तेच टोक, जवळजवळ तेवढंच पिवळं. त्या दिवशी मी जेवले नाही.

डीआयडी काय, पीकेएच काय, हे चरबीत विरघळणारे डाय. पाण्यात त्यांच्या बारीक गुठळ्या होतात, त्यातल्या बऱ्याच ईव्हीच्याच आकाराच्या. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) त्या ईव्हींबरोबर तळाला बसतात, कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममधूनही सोबत उतरू शकतात. शिवाय ईव्हीवरून सुटलेला डाय रक्तातल्या अल्ब्युमिनला आणि लायपोप्रोटीन्सना चिकटतो. सुजलेल्या आतड्यातल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि मॅक्रोफेज (कण गिळणाऱ्या पेशी) तिथे गर्दी करून असतात, त्यामुळे डाय तिथे आपसूक साचतो, ईव्ही पोचो वा न पोचो. ईव्ही फुटून गेल्यावरही डाय मागे टिकून राहतो, ते वेगळंच.

म्हणून ईव्ही नसलेल्या बफरमध्ये तेवढाच डाय घाला, त्याच दिवशी, त्याच धुण्या-गाळण्यातून काढा आणि कोलायटिसच्या उंदरांना द्या. सोबत डाय न लावलेल्या ईव्हीही द्या. हे दोन गट नसतील तर तुमच्या चित्रावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कठोर वाटेल, पण उंदरांचे जीव आणि तुमचं वर्ष दोन्ही त्यात आहेत.

खाद्याकडेही बघा. साध्या खाद्यात अल्फाल्फा (लसूणघास) असतो, त्यातलं क्लोरोफिल डीआयडीच्याच पट्ट्यात, ६७० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. आजारी उंदीर कमी खातात, म्हणजे दोन गटांत ही चमकही सारखी नसते. काही दिवस आधीपासून अल्फाल्फा नसलेलं खाद्य द्या आणि कोलन उघडून धुऊन मगच इमेजिंग करा.

आमच्या इमेजिंग विभागाबद्दल नाव न घेता सांगते. प्रत्येक चित्र वेगळ्या रंगपट्टीवर बसवून पाठवायचे, त्यामुळे तुलनाच करता यायची नाही. मूळ फायली मागितल्या तर तीन आठवडे ‘बघतो’ एवढंच उत्तर. हा अजून राग आहे. तुम्ही तिथून निघतानाच मूळ डेटा घ्या. एक्स्पोजर आणि रंगपट्टी सगळ्यांना एकच.

सुपर-रेझोल्यूशनचं म्हणाल, तर साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे १०० नॅनोमीटरची एक ईव्ही आणि चिकटलेल्या तीन तिथे एकाच ठिपक्यासारख्या दिसतात. सुपर-रेझोल्यूशनने त्या वेगळ्या दिसतील, पण तो ठिपका ईव्हीचा की गुठळीचा हे एकटा डाय तेव्हाही सांगणार नाही. त्यापेक्षा सीडी६३ या ईव्हींवरच्या प्रथिनाला जोडलेला नॅनोल्युक (प्रकाश देणारं एन्झाइम) घेऊन उतीत मोजणी करा. अर्थात सीडी६३ सगळ्याच ईव्हींवर नसतो, हे धरून चाला.

माझा अनुभव शिरेतून दिलेल्या ईव्हींचाच आहे. तोंडावाटे देणार असाल तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. आणि त्याच उतीतून आरएनए काढणार असाल तर लिथियम क्लोराइडने शुद्ध करून घ्या, डीएसएस क्यूपीसीआर (आरएनएची मात्रा मोजणारी चाचणी) अडवतं.