सगळं शिकून झालंय, मग टेबलवर मिसळू की नको?

बॉडीवर्क, म्हणजे मसाजसारखं अंगावर हाताने केलेलं काम, करणारे थेरपिस्ट माझ्याकडे सुपरव्हिजनला येतात, म्हणजे कामातलं जे मनात सलतं ते बोलायला, आणि त्यांचा एक प्रश्न आता मला पाठ झालाय. "मॅडम, आधी स्वीडिश मसाज शिकले, मग शिआत्सू, मग मायोफॅशिअल रिलीज, आता सेशनमध्ये हे सगळं आपोआप एकत्र येतं. चालतं का असं? का मी कुठल्याच पद्धतीशी प्रामाणिक नाहीये?" (स्वीडिश म्हणजे तेल लावून केलेला मसाज, शिआत्सू म्हणजे बोटांनी-अंगठ्यांनी दाब द्यायची जपानी पद्धत, मायोफॅशिअल म्हणजे स्नायूंभोवतीच्या आवरणाला हळू ताण देणं.)

अशाच एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. नऊ वर्षं काम करत होती, हात चांगला, पण एक जुनी क्लायंट अचानक यायची बंद झाली आणि त्यानंतर हिची झोप उडाली. झालं असं, की क्लायंट आली होती खांदे आणि मानेसाठी. तेल लावून नेहमीसारखं काम सुरू केलं, खांदा काही सुटेना, मग हिने अंगठ्याने दाब द्यायला सुरुवात केली, तरी सुटेना, मग शिआत्सूमध्ये पोटाला फार महत्त्व असतं हे आठवलं आणि चादरीवरून पोटावर हात ठेवला. न सांगता. क्लायंट काहीच बोलली नाही, हिला वाटलं छान रिलॅक्स झाली. आठवड्याने मेसेज आला, "पोटावर हात आला तेव्हा काय करावं मला कळलंच नाही."

हिने त्यातून अर्थ काढला की चूक मिसळण्याची आहे, आता एकच पद्धत धरायची, बाकीचं सगळं बंद. मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

कारण शुद्ध पद्धत अशी शोधायला गेलं तर सापडणं अवघड. ज्याला आपण स्वीडिश म्हणतो त्यातली एफ्लराज (लांब सरकता हात), पेट्रिसाज (मळणं) ही नावं फ्रेंच आहेत आणि ती रूढ करण्याचं श्रेय जातं योहान मेझगर या डच डॉक्टरला. शिआत्सू वाढलं ते जपानच्या जुन्या अन्मा मसाजमधून, आणि वाटेत पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्रही त्यात आलं. क्रेनिओसेक्रल, म्हणजे डोक्याला आणि कण्याला अगदी हलका स्पर्श, ही पद्धत मांडणारा जॉन अपलेजर मुळात ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करणारा, त्याच्याआधी सदरलँड या ऑस्टिओपॅथने कवटीवर जे काम केलं होतं त्याच्यावर त्याने पुढे बांधलं. सगळ्यांनी कुणाकडून तरी घेतलंय, फक्त घेताना काय घेतोय आणि कशासाठी, हे त्यांना माहीत होतं.

मग मी तिला म्हटलं, माझ्या हातावर दहा मिनिटं काम करा, कोपरापासून मनगटापर्यंत, बोलायचं नाही. पहिली तीन मिनिटं सुंदर होती, तळवा पूर्ण टेकलेला, वेग संथ. चौथ्या मिनिटाला तिचा श्वास अडकला, मला ऐकू आलं ते, आणि लगेच हात बदलला, अंगठे आले. मग पुन्हा बदलला. दहा मिनिटांत पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी आधी श्वास अडकायचा. माझ्या हातात काहीच बदललं नव्हतं, जे काही होत होतं ते तिच्यात होत होतं. मी हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काही घडत नाहीये असं वाटलं की मला भीती वाटते, की हिला वाटेल पैसे वाया गेले."

माझ्या मते सगळं इथेच होतं.

पुढचे दोन महिने तिने वही ठेवली. सेशन संपलं की लिहायचं, हात कुठे बदलला आणि का: क्लायंटच्या अंगात काही जाणवलं म्हणून, का मला चैन पडेना म्हणून. सुरुवातीच्या पानांवर दुसरं कारणच जास्त होतं, आणि तिने ते न लपवता लिहिलं याचं मला फार कौतुक आहे.

वहीमुळे साध्या तांत्रिक गोष्टीही दिसायला लागल्या. उदाहरणार्थ, मायोफॅशिअलला त्वचेची पकड लागते, हात सरकला की संपलं, म्हणजे ते तेलाच्या आधी करायचं, आणि ही मात्र तेल लावून झाल्यावर अर्ध्यात ते आठवून करायला जायची. शिआत्सू तर कपड्यांवरूनच करतात, तेलाशिवाय. लिम्फ ड्रेनेजचा, म्हणजे सूज उतरवायच्या मसाजचा, स्पर्श इतका हलका की फक्त त्वचा ताणली जाते, तिथेच लगेच खोल दाब दिला तर आधीच्या कामाला अर्थच राहत नाही. म्हणजे मिसळायचं तर क्रम आधी ठरवावा लागतो, आणि क्रम ठरला की क्लायंटला सांगताही येतो. पोटरी एका बाजूची सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मात्र कुठलीच पद्धत नाही, आधी डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते.

परवानगीबद्दल आम्ही सगळ्यात जास्त बोललो. टेबलवर आडवं पडलेलं माणूस, अंगावर चादर, डोळे मिटलेले, त्याला "नको" म्हणणं फार जड जातं, म्हणून गप्प आहे याचा अर्थ हो आहे असा धरायचाच नाही. फॉर्मवर सही घेतली ती मसाजसाठी, पोटासाठी नाही. तिने स्वतःचं वाक्य तयार केलं, "मला इथे वेगळ्या पद्धतीने, तेलाशिवाय, पोटावर हात ठेवून काम करावंसं वाटतंय, नको असेल तर खांद्यावरच राहू." पर्याय त्याच वाक्यात हवा, हा तिचा आग्रह, आणि बरोबर आहे तो. क्रेनिओसेक्रलची तिची फक्त दोन दिवसांची कार्यशाळा झाली होती, तर यादीतून ते नाव तिने स्वतःच काढलं. त्याचे पुरावेही कमकुवत आहेत, त्यामुळे मला बरंच वाटलं.

ती जुनी क्लायंट परत आली नाही. तिला एक मेसेज गेला, माफीचा, स्पष्टीकरण न देता, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

गेल्या भेटीत तिने वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवलं. एका सेशनमध्ये दोनदा हात बदलला, दोन्ही वेळा विचारून, आणि दुसऱ्या वेळी क्लायंट "नको" म्हणाली. मी विचारलं, मग काय केलंत?

"खांद्यावरच थांबले. वीस मिनिटं."

आणि श्वास?

"चालू होता," म्हणाली.