रेफर केलं म्हणजे सुटलो, असं नसतं बरं

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. शहाद्यात लहान मुलांचा दवाखाना टाकलास ते एकदम भारी काम केलंस. पण पुढे थोडं वैतागून लिहिलंयस, की हृदयाचं, किडनीचं, मेंदूचं काही निघालं की पोरं सुरत-नाशिक-मुंबईला जातात आणि आपल्या वाट्याला सर्दी-खोकला, जुलाब अन् लसी, मग एमडी कशाला केलं. आज रविवार आहे, ओपीडी नाही, म्हणून सविस्तरच लिहितो.

तिकडचा सुपरस्पेशालिस्ट त्या पोराला तीन-चार महिन्यांतून एकदा दहा मिनिटं बघतो आणि त्यातही एकच अवयव बघतो. ताप, उलटी, लस, वजन, शाळा, आईची घालमेल हे सगळं तुझ्याकडेच येणार आहे. आणि एका पोराचे तीन डॉक्टर झाले की प्रत्येकाला वाटतं बाकीचं दुसरं कोणीतरी बघत असेल. ते दुसरं कोणीतरी म्हणजे तू, हे आधी डोक्यात पक्कं बसव.

चिठ्ठीपासून सुरू कर. आपल्याकडे रेफरची चिठ्ठी म्हणजे "पेशंट पाठवत आहे, योग्य ते उपचार करावेत" आणि खाली सही-शिक्का. अशा चिठ्ठीवर तिकडचा डॉक्टर करणार काय, पहिल्यापासून हिस्ट्री घेत बसतो, आई घाबरलेली, बाप केसपेपरच्या लाईनीत, निम्मं सांगायचं राहूनच जातं. तू असं लिही: वय चार महिने, जन्माचं वजन २.८, आज ४.२ किलो, दूध पिताना घाम येतो, मधेमधे थांबतं, श्वास मिनिटाला ६४, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मोठा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या पडद्याला भोक, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाईड चालू केलंय, डोस इतका, अमुक तारखेपासून. आणि मग प्रश्न लिही, सरळ प्रश्न, की ऑपरेशन आत्ताच करायचं की औषधावर थोडं वजन वाढू द्यायचं? प्रश्न विचारला तर उत्तर येतं, नाही विचारला तर नुसती गोळ्या-औषधांची यादी येते. शेवटी दोन ओळी घरच्या: राहायला धडगावच्या वर पाड्यावर, आई पावरी ही आदिवासी बोली बोलते, मराठी कमी समजतं, तिथे रेंज नसते, निरोप आशाताईंकडे द्यावा. या दोन ओळी वाचल्या की चांगला डॉक्टर "आठवड्याने परत या" म्हणत नाही, सगळ्या तपासण्या त्याच फेरीत उरकून देतो.

आता परतीचं. तिकडून कागद आपणहून येईल या भरवशावर राहू नकोस. चार गोष्टी तू विचारून घ्यायच्या, फोन करून नाहीतर व्हॉट्सअपवर: काय निघालं, औषधात काय बदललं, पुढची तारीख कधी, आणि काय झालं तर मी इथे बघू अन् काय झालं तर थेट तुमच्याकडे पाठवू. चौथी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत आणि रात्री दोनला पोर झटके देत समोर येतं तेव्हा तीच लागते. मोठ्या डॉक्टरला फोन करायचा संकोच सोड. नेमकं बोललीस तर दोन मिनिटांत होतं, आणि खरं सांगू, त्यांनाही गावाकडे जबाबदार माणूस हवंच असतं.

औषधांचं तर विचारूच नकोस. प्रत्येक व्हिजिटला आईला म्हण, घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आण. टेबलावर ओत आणि बघ. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडचं पॅरासिटामॉल दिलेलं सापडेल, त्यातही एक ड्रॉप्स आणि एक सिरप. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि पाच मिलीला १२५ च्या सिरपच्या एका मिलीत २५, म्हणजे चौपट फरक, अन् घरात चमचा एकच. फिटसाठी कार्बामॅझेपिन चालू असलेल्या पोराला घशासाठी कोणीतरी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहितं, कार्बामॅझेपिनची रक्तातली पातळी चढते, पोर झिंगल्यासारखं चालायला लागतं आणि घरचे म्हणतात मेंदूचा आजार वाढला. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर औषधांची एकच यादी ठेव, तारीख टाकून, डोस मिलीत लिहून, आजचं वजन टाकून. पोर वाढतं तसा किलोवरचा डोस कमी पडत जातो आणि हे सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. कोणत्याही डॉक्टरने काही बदललं की यादी नवी, जुनीवर आडवी रेघ.

कोणाच्याच हद्दीत न येणारी कामं असतात, ती तुझीच समज. नेफ्रॉटिकचं पोर घे, म्हणजे किडनीतून प्रथिनं लघवीत जातात आणि अंगाला सूज येते ते. किडनीवाल्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड दिलं, आजार पहिल्यांदाच झालाय म्हणून सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड. त्याच सुमारास गोवर-रुबेलाचा दुसरा डोस येतो, सोळा ते चोवीस महिन्यांचा. ती जिवंत लस आहे, मोठ्या डोसच्या स्टिरॉईडवर देत नाहीत, थांबावं लागतं. पण नर्सताईंच्या यादीत ते पोर "राहिलेलं" दिसतं, त्या बिचाऱ्या घरी जाऊन बोलावून आणतात. तू कार्डावरच लिहून ठेव की कधीपर्यंत थांबायचं आणि न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस मात्र चुकवायची नाही. आणि आईला बजाव, पोर तापलं म्हणून स्टिरॉईडची गोळी मनाने बंद करायची नाही.

सगळ्यात जास्त जीव माझा आरओपीवर, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर जळतो. गरोदरपणाच्या ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असलं की डोळ्याचा पडदा तपासायचा, जन्मापासून तीस दिवसांच्या आत, आणि अगदीच लहान, २८ आठवड्यांच्या आतलं नाहीतर बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आता बघ कसं होतं, एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) अठराव्या दिवशी सुट्टी मिळते, डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात "डोळे तपासणे" लिहिलेलं असतं, आजी म्हणते सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ बाहेर काढायचं नाही, आणि तारीख निघून जाते. लेझर लागणार असेल तर ती दोन-तीन दिवसांत करावी लागते, उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. बाहेरून डोळे छान काळेभोर दिसतात, म्हणून कोणाला शंकासुद्धा येत नाही. तर कमी दिवसांचं बाळ नुसतं वजनाला आलं तरी पहिला प्रश्न हाच विचार, डोळे झाले का? नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि तिथल्या तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे.

दोन स्पेशालिस्टांचं जमत नाही तेव्हा मधे पोर अडकतं. ओठ-टाळू फाटलेल्या एका बाळाचं माझ्यासमोर झालं. प्लास्टिक सर्जन म्हणे हार्टवाल्याची फिटनेस आणा, हार्टवाला म्हणे आधी हिमोग्लोबिन वाढवा, भूलतज्ज्ञ म्हणे वजन कमी आहे, आणि ती माय फाईल घेऊन नुसती बसस्टँडवर. ओठाच्या ऑपरेशनला दहाचा जुना ठोकताळा आहे, दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. मी तिघांना एकाच कॉलवर घेतलं, वजनाचा आलेख पाठवला, लोह आणि दूध पाजायचं माझ्याकडे घेतलं, आणि तारीख ठरली. माझी हुशारी काही नाही त्यात, फक्त तिघं एकमेकांशी बोललेच नव्हते.

घरच्यांशी बोलणं हे वेगळं काम आहे, ते उरकू नकोस. तिकडून आल्यावर बाप खुर्चीच्या टोकावर बसून म्हणेल, "मोठा डाक्टर काही बोलना नही." बोललेला असतो, पण यांना काही उमगलेलं नसतं. रिपोर्ट समोर ठेवून त्यांच्या भाषेत सांग आणि मग त्यांच्याकडूनच वदवून घे. फॉलोअपची तारीख देताना कॅलेंडर बघ, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बाई माहेरी असते, कापूस वेचणीत मजुरी बुडवून कोणी येत नाही, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं कुटुंब थेट उन्हाळ्यात दिसतं. त्या घराला जानेवारीची तारीख देण्यात काय अर्थ आहे, जायच्या आधीच उरकून घे आणि तिकडे दाखवायला फाईलची झेरॉक्स दे.

पैशाचं आधी बघ. मोफत उपचारांची महात्मा फुले योजना २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं धुळं होतं, त्यामुळे नाव लोकांना माहीत आहे, पण रेशनकार्डावर पोराचं नाव चढवायचं राहिलेलं असतं. पाठवायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, फोन लावून कागद कोणते ते विचार. आणि आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी ओळख ठेव, २०१३ पासून ती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, तुझी हरवलेली पोरं तीच शोधून आणतील. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांसाठी तर नंदुरबार जिल्ह्यात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

या फोनाफोनीचे पैसे मिळत नाहीत, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. माझं असं आहे, गुंतागुंतीच्या पोरांना मी गुरुवारी दुपारी बोलावतो, गर्दी नसते, अर्धा तास देतो आणि त्याची फी जास्त घेतो, सांगून घेतो. ज्याला जमत नाही त्याला फी सोडतो. लोक कुरकुरत नाहीत, त्यांना कळतं कोण फाईल वाचतंय ते. तूही एक दुपार ठरवून टाक, आणि ते नेफ्रॉटिकचं पोर लिहिलं होतंस ना, त्याच्या कार्डाचा आणि औषधांचा फोटो उद्या सकाळी ओपीडीआधी टाक, बघून फोन करतो.

तुझा,
भुसावळचे सर