वाचकांचे प्रश्न : जपानची लोकशाही पराभवातून आली काय?

जपानविषयी आलेल्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे. कालपरवापर्यंत सामुराईंच्या तलवारीखाली नांदणारा आणि सम्राटाला देवाचा वंशज मानणारा देश 1945 नंतर अवघ्या काही वर्षांत लोकशाही कसा झाला, याचे कोडे बहुतेकांना पडले आहे. प्रश्न वेगवेगळ्या कालखंडांविषयी असल्यामुळे उत्तरे कालक्रमाने दिली आहेत.

प्रश्न : जपानचा सम्राट आणि शोगुन, म्हणजे प्रत्यक्ष सत्ता चालवणारा लष्करी प्रमुख, यांचे नाते साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांच्यासारखे होते, असे एका व्याख्यानात ऐकले. हे बरोबर आहे काय? आणि 1868 मध्ये सत्ता सम्राटाकडे परत कशी गेली?

उत्तर : नाव एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, एवढ्यापुरती ही तुलना चालेल, त्यापुढे ती ताणू नये. 1600 सालची सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासूने 1603 मध्ये शोगुनपद घेतले, तेव्हा तो कोणाचा प्रधान नव्हता. देशाच्या एकूण भातउत्पन्नाचा सुमारे चौथा भाग देणारी जमीन त्याच्या घराण्याच्या आणि थेट सेवकांच्या हातात होती. सम्राटाने प्रामुख्याने विद्याव्यासंगात राहावे, असा नियमच शोगुनशाहीने 1615 मध्ये क्योतोच्या दरबाराला घालून दिला. उरलेला मुलूख सुमारे 260 दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, सांभाळत. त्यांनी एक वर्ष शोगुनच्या राजधानीत, एदो (आजचे तोक्यो) येथे आणि एक वर्ष आपल्या संस्थानात राहावे, बायकामुले मात्र कायम एदोतच ठेवावीत, हा 1635 पासूनचा दंडक होता. ओलीस ठेवण्याची इतकी सभ्य आणि इतकी खर्चिक पद्धत क्वचितच आढळेल, कारण या ये-जा करण्यातच संस्थानांच्या तिजोऱ्या रित्या होत.

1853 मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार जहाजे घेऊन उरागाच्या किनाऱ्याशी आला आणि 1858 च्या तहांनी परकीयांना जपानी न्यायालयांपासून मुक्तता मिळाली, आयातकर ठरवण्याचा जपानचा अधिकारही गेला. शोगुनच्या सरकारने हे तह सम्राटाच्या संमतीवाचून केले होते, आणि विरोधकांना तेवढे निमित्त पुरले. सात्सुमा आणि चोशू ही नैर्ऋत्येकडची दोन बलाढ्य संस्थाने 1866 मध्ये एक झाली, शेवटचा शोगुन योशिनोबू याने 1867 च्या अखेरीस सत्ता सोडत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी 1868 मध्ये सम्राटाच्या राजवटीची घोषणा झाली. त्या वेळी सम्राट पंधरा वर्षांचा होता. सत्ता परत गेली असे पाठ्यपुस्तके म्हणतात खरी, पण प्रत्यक्षात ती सात्सुमा-चोशूच्या मधल्या आणि खालच्या दर्जाच्या, बहुतांशी तिशीतल्या सामुराईंच्या हातात पडली.

प्रश्न : मग इतक्या संस्थानिकांनी आपली राज्ये मुकाट्याने कशी सोडली?

उत्तर : थोडी भीती आणि बरीचशी सोय, या दोहोंमुळे. 1869 मध्ये संस्थानिकांनी जमीन आणि रयतेचे दप्तर सम्राटाला अर्पण केले, पण त्याच जागी त्यांना राज्यपाल म्हणून ठेवले गेल्यामुळे फारसे कोणी बिथरले नाही. दोन वर्षांनी, सात्सुमा, चोशू आणि तोसा येथून आणलेले सुमारे 10 हजार सैन्य राजधानीत उभे करून, सर्व संस्थाने एका हुकुमाने खालसा करण्यात आली आणि माजी संस्थानिकांना तोक्योत येऊन राहण्यास सांगितले गेले. त्यांना जुन्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळाला आणि संस्थानांच्या कर्जांचा बोजा सरकारने उचलला. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्यांना हा सौदा तोट्याचा वाटला नसावा. आधी 3 महानगरे आणि 302 जिल्हे झाले, त्याच वर्षाअखेर जिल्ह्यांची संख्या 72 वर आणली गेली.

खरी किंमत मोजली ती सामान्य सामुराईंनी. लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के असलेल्या या वर्गाचा तनखा 1876 मध्ये सक्तीने कर्जरोख्यांत बदलला गेला आणि त्याच वर्षी तलवार बाळगण्यास बंदी आली. तीन वर्षांपूर्वीच सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती, त्यामुळे लढणे हा कोणा एका जातीचा हक्क उरला नव्हता. सात्सुमाचा सेनानी साइगो ताकामोरी याच्या नेतृत्वाखालील नाराज सामुराईंचे 1877 चे बंड मोडले ते शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या याच सैन्याने. शेतकऱ्यांवर मात्र जमिनीच्या किमतीच्या 3 टक्के रोख महसूल बसला आणि दंगे झाल्यावर तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला.

प्रश्न : जपानमध्ये 1889 पासून राज्यघटना होती आणि 1890 पासून निवडून आलेली संसद होती. मग लष्कर डोईजड कसे झाले? लोकांना लोकशाही नकोच होती काय?

उत्तर : लोकांना ती नको होती, असे म्हणण्यास आधार नाही. इतागाकी ताइसुके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निर्वाचित सभेची मागणी 1874 मध्येच केली होती, आणि पुढील सात वर्षांत ती गावोगावी इतकी पसरली की 1890 मध्ये संसद भरवण्याचे वचन सरकारला 1881 मध्ये द्यावे लागले. परंतु घटना लोकांनी लिहायची नाही, हेही तेव्हाच ठरले. सरकारातील एक प्रमुख नेता इतो हिरोबुमी बर्लिन आणि व्हिएन्ना येथील पंडितांकडे धडे घेऊन आला आणि 11 फेब्रुवारी 1889 रोजी घटना सम्राटाने प्रजेला बहाल केलेली देणगी म्हणून आली. पहिल्या निवडणुकीत मत देता आले ते वर्षाला 15 येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या, पंचवीस वर्षांवरील पुरुषांना, म्हणजे सुमारे साडेचार लाखांना. लोकसंख्येच्या हे जेमतेम एक टक्का होतात.

तरीही मताधिकार वाढत गेला. 1918 च्या तांदळाच्या दंगलींनंतर हारा ताकाशी हा सरदारकीची पदवी नसलेला पक्षनेता पंतप्रधान झाला. 1925 मध्ये कराची अट रद्द होऊन मतदार सुमारे 30 लाखांवरून सव्वा कोटीच्या घरात गेले, आणि 1924 ते 1932 या काळात पक्षांचीच मंत्रिमंडळे होती. त्याच 1925 साली विचारांवर पहारा ठेवणारा शांतता-संरक्षण कायदाही झाला, हे मात्र विसरता येत नाही.

दोष घटनेच्या रचनेतच होता आणि तो माझ्या मते मताधिकाराच्या मर्यादेपेक्षा अधिक घातक होता. त्या घटनेत पंतप्रधान किंवा मंत्रिमंडळ यांचा उल्लेखच नव्हता. प्रत्येक मंत्री स्वतंत्रपणे सम्राटाला सल्ला देणारा. अकराव्या कलमाने भूदल आणि नौदलाचे सरसेनापतिपद सम्राटाकडे ठेवले, त्यामुळे सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला वळसा घालून थेट सिंहासनापाशी जात. जोवर इतो, यामागाता यांच्यासारखे राजवटीचे संस्थापक हयात होते तोवर पडद्याआडून सगळ्यांचा मेळ घालणारे कोणीतरी होते. ती पिढी संपल्यावर त्यांची जागा कोणी घ्यावी, याचे उत्तर घटनेत कोठेच लिहिलेले नव्हते.

त्यातच लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेत असलेले सेनाधिकारीच असले पाहिजेत, असा नियम 1900 मध्ये आला. 1912 मध्ये दोन नव्या डिव्हिजनांचा खर्च मंत्रिमंडळाने नाकारला, तेव्हा लष्करमंत्र्याने राजीनामा दिला, लष्कराने दुसरा माणूस दिला नाही आणि सरकार पडले. पुढील वर्षी नियम सैल झाला. पण 1936 च्या फेब्रुवारीत तरुण अधिकाऱ्यांनी तोक्योत बंड केल्यानंतर, मंत्र्यांचे खून ताजे असतानाच, तो पुन्हा घट्ट केला गेला. परिणाम आठ महिन्यांतच दिसला. जानेवारी 1937 मध्ये सम्राटाने उगाकी काझुशिगे यांना सरकार बनवण्यास सांगितले. उगाकी स्वतः जनरल होते, लष्करमंत्री राहिलेले होते; पण पूर्वी त्यांनी सैन्यकपात केल्याचा राग लष्कराला होता, म्हणून त्यांना लष्करमंत्रीच मिळू दिला नाही आणि त्यांना माघार घ्यावी लागली. ज्याच्या नावाने सेना आज्ञा देत होती, त्याच सम्राटाने नेमलेला माणूस सेनेने परत पाठवला.

बंदुकीचा धाक होताच. 1932 मध्ये पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांना नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. सम्राट हे राज्यसंस्थेचे एक अंग आहे असे मांडणाऱ्या प्राध्यापक मिनोबे तात्सुकिची यांची पुस्तके 1935 मध्ये बंदीत गेली. फेब्रुवारी 1940 मध्ये खासदार साइतो ताकाओ यांनी चीनमधील युद्धाचा हेतू काय, असे भर संसदेत विचारले, तेव्हा त्यांचे अर्धेअधिक भाषण कामकाजातून काढून टाकले गेले आणि सुमारे महिन्याभरात त्यांची संसदेतून हकालपट्टी झाली. मतदारांनी काय केले, हे आपल्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगण्यासारखे आहे: 1942 च्या निवडणुकीत सरकारी शिफारस नसताना साइतो आपल्या मतदारसंघात पहिल्या क्रमांकाने निवडून आले.

प्रश्न : सध्याची जपानी घटना अमेरिकनांनी एका आठवड्यात लिहून दिली, असे वाचले. तसे असेल तर तिला जपानी घटना म्हणावे काय?

उत्तर : आठवड्याची गोष्ट खरी आहे. जपान सरकारने घटनेसाठी नेमलेल्या मात्सुमोतो समितीचा मसुदा 1 फेब्रुवारी 1946 रोजी वृत्तपत्रात फुटला आणि त्यात जुन्याच घटनेची डागडुजी दिसल्यावर पराभूत जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याचा अमेरिकन सरसेनापती मॅकआर्थर याने आपल्या शासनविभागाला स्वतंत्र मसुदा करण्यास सांगितले. कोर्टनी व्हिटनी आणि चार्ल्स केडिस यांच्या हाताखाली सुमारे 25 जणांनी तो 4 ते 12 फेब्रुवारी या काळात तयार केला. विवाहातील समतेचे कलम लिहिणारी बेआते सिरोता 22 वर्षांची होती. बालपण तोक्योत गेल्यामुळे तिला जपानी उत्तम येत असे. 13 तारखेला परराष्ट्रमंत्री योशिदा आणि मात्सुमोतो आपल्याच मसुद्यावर चर्चा होईल या समजुतीने बसले होते, त्यांच्या हातात हा दुसराच कागद पडला. लादणे म्हणतात ते याला, आणि त्याबद्दल आडवळणाने बोलण्याचे कारण नाही.

परंतु त्या 25 जणांच्या टेबलावर कोणते कागद होते, हेही पाहावे लागते. डिसेंबर 1945 मध्ये काही जपानी अभ्यासकांच्या मंडळाने आपला मसुदा प्रसिद्ध केला होता. सार्वभौमत्व जनतेचे, सम्राटाकडे केवळ समारंभाची कामे, आणि आरोग्यपूर्ण व सुसंस्कृत राहणीचा हक्क, अशी त्याची मुख्य कलमे होती. मॅकआर्थरच्या कार्यालयातील मायलो रॉवेल या कायदेतज्ज्ञाने जानेवारीतच त्याचा बारकाईने अभ्यास करून अनुकूल अहवाल दिला. मसुद्याचे प्रमुख शिल्पकार सुझुकी यासुझो हे विद्यार्थिदशेत त्या शांतता-संरक्षण कायद्याखाली तुरुंगात गेलेले, आणि नंतर 1880 च्या आसपासच्या लोकहक्क चळवळीतील घटना-मसुद्यांचा शोध घेण्यात रमलेले गृहस्थ होते. त्यांच्यापुढे तोसाच्या उएकी एमोरीचा 1881 चा मसुदा होता, ज्यात जुलमी सरकारला प्रतिकार करण्याचा हक्कसुद्धा लिहिलेला होता.

असे मसुदे किती खोलवर लिहिले जात होते, याचा एक नमुना 1968 मध्ये हाती लागला. तोक्योच्या पश्चिमेला, इत्सुकाइची गावाजवळच्या डोंगराळ वस्तीत, फुकाझावा घराण्याचे पडझड झालेले मातीच्या भिंतींचे कोठार इतिहासकार इरोकावा दाइकिची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उघडले. आत जुन्या कागदांत 204 कलमांची हस्तलिखित राज्यघटना निघाली. 1881 मध्ये ती लिहिणारा चिबा ताकुसाबुरो हा गावच्या शाळेतला शिक्षक होता, 1868 मध्ये नव्या राजवटीविरुद्ध झालेल्या यादवीत हरलेल्या बाजूने लढलेला. गावातील तरुण शेतकरी आणि व्यापारी अभ्यासमंडळात जमून नागरिकांचे हक्क, खटल्याची रीत, संसदेचे अधिकार यांवर वाद घालत, आणि त्या वादातून हा मसुदा आकाराला आला. 1946 च्या मसुद्यावर या कागदाचा प्रभाव असणे शक्यच नव्हते, कारण तो कोठारातच पडून होता; पण अशा विचारांची जपानला ओळखच नव्हती, हा दावा त्याने निकालात निघतो.

शिवाय मसुदा आला तसाच मंजूर झाला नाही. अमेरिकनांनी एकच सभागृह सुचवले होते; जपान्यांनी दोन करून घेतली. सर्वांना किमान सुसंस्कृत राहणीचा हक्क देणारे 25 वे कलम संसदेतील चर्चेत समाजवाद्यांच्या आग्रहाने घातले गेले, आणि त्यात पुढाकार घेणारे मोरितो तात्सुओ हे सुझुकींच्या त्याच मंडळातले. या संसदेची निवडणूक 10 एप्रिल 1946 रोजी झाली होती. त्यात स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि 39 स्त्रिया निवडून आल्या. म्हणून माझे मत असे की हात अमेरिकन होता, घाई अमेरिकन होती, पण मजकुरातला बराच भाग जपानमध्येच पासष्ट वर्षे दाबून ठेवलेला होता.

प्रश्न : कागदावरील घटनेने खेड्यात काय बदलले?

उत्तर : खेड्यात बदल केला तो घटनेपेक्षा जमीनसुधारणेने. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची सर्व कुळाची जमीन आणि गावातल्यांची साधारण एक हेक्टरहून अधिक असलेली कुळाची जमीन सरकारने सक्तीने विकत घेऊन कुळांना विकली. भडकलेल्या महागाईमुळे कुळांना ती जवळजवळ फुकट पडली. कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचे प्रमाण सुमारे 46 टक्क्यांवरून 1950 पर्यंत 10 टक्क्यांच्या आसपास आले. जमीनदाराच्या दबावाखाली मत देणारे कूळ स्वतः मालक झाले. हाच नवा शेतकरी पुढे पुराणमतवादी पक्षांचा भरवशाचा मतदार ठरला, ही गंमत सुधारकांच्या हिशेबात नसावी.

प्रश्न : 1955 पासून जवळपास एकाच पक्षाचे राज्य आहे. मग ही लोकशाही कसली?

उत्तर : लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष नोव्हेंबर 1955 मध्ये दोन पक्षांच्या विलीनीकरणातून झाला आणि 1993 पर्यंत सलग सत्तेवर राहिला, हे खरे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. 1960 मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले. करार टिकला, पण पंतप्रधान किशी नोबुसुके यांना जावे लागले. दुसरी गोष्ट अशी की घटना, विशेषतः युद्धाचा त्याग करणारे नववे कलम, बदलणे हे या पक्षाचे स्थापनेपासूनचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मते आणि त्यानंतर सार्वमतात बहुमत लागते. 3 मे 1947 पासून अमलात असलेल्या या घटनेतील एकही शब्द त्या पक्षाला अद्याप बदलता आलेला नाही.