महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) ऑपरेशननंतर किडनीला धोका कोणाला जास्त असतो?
सगळ्यात जास्त धोका, ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना. म्हणून आधी नुसतं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) बघून निर्धास्त होऊ नका, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाजे आकडा, किती ते विचारा. वयस्कर, बारीक माणसात क्रिएटिनिन नॉर्मल दिसूनही किडनीचं काम घटलेलं असू शकतं. वय, मधुमेह, रक्तदाब, कमजोर हृदय हे आहेतच.

मग ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला महाधमनीवर चिमटा कुठे लागतो ते. किडनीच्या धमन्यांच्या वर लावावा लागला, तर तेवढा वेळ किडनीचा रक्तपुरवठाच थांबतो. महाधमनीला आलेला फुगा फुटून तातडीने ऑपरेशन झालं, रक्त खूप गेलं, बीपी पडलं, की धोका आणखी वाढतो.

ऑपरेशननंतर नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीवर नजर ठेवा. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीपेक्षा कमी होत राहिली तर लगेच नर्सला सांगा. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने अजिबात देऊ नका.